नगररचना विभागात बसलेला माणूस

"हे कोण?" मी दारातूनच हमीदभाईंना विचारलं.

हमीदभाई आमचे शिपाई. हातातली किल्ली त्यांनी खिशात टाकली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मले काय माईत? मी येयाच्या आधीच पायरीवर बसून होते. कुलूप काढलं तसे आत आले, खुर्ची उचलली अन् तिथं नेऊन बसले. म्हनतात, तुमचं चालू द्या."

नकाशांच्या कपाटाशेजारी, खिडकीजवळच्या कोपऱ्यात पन्नाशीचे एक सडपातळ गृहस्थ बसले होते. फिका निळा बुशशर्ट, केसांचा नीट भांग, हात मांडीवर. मला पाहून ते अर्धवट उठले.

"नमस्कार. मी वैद्य. मुख्याधिकाऱ्यांशी माझं बोलणं झालंय. काही दिवस इथे बसेन म्हणतो. तुम्ही तुमचं काम करा."

"पण कशासाठी?"

"बघायला," ते म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत टेकले.

मी तेव्हा धामणखेड नगरपालिकेत रचना सहायक होते. गावात कोणालाही घर बांधायचं असलं, की नकाशा आमच्याकडे यायचा. तो तपासायचा, जागेवर जाऊन मोजणी करायची, मग परवानगी. काम एवढंच, पण गाव चहूबाजूंनी वाढत होतं आणि विभागात मंजूर असलेल्या सहा पदांपैकी भरलेलं पद एकच, माझं. नगर रचनाकार बोंडे साहेब जिल्ह्याला होते. आमचा अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडे असल्यामुळे ते फक्त गुरुवारी यायचे. आरेखकाची जागा रिकामी होती, तिच्यावर प्रमोद इंगोले कंत्राटावर काम करायचा. दर अकरा महिन्यांनी त्याचा नवा आदेश निघायचा. नकाशावर त्याची नजर अशी, की जिना चुकीच्या बाजूला उघडतोय हे तो कागद पूर्ण उलगडायच्या आत सांगायचा. कधीतरी ती जागा भरतीला निघेल आणि आपण कायम होऊ, या आशेवर तो सात वर्षं थांबला होता. त्याचं वय पुढच्या भरतीत बसणार होतं, त्याच्या पुढच्या भरतीत नाही.

मी तडक मुख्याधिकारी रहाटे साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, ते वैद्य कोण आहेत?"

रहाटे साहेबांनी मान वर केली नाही. एरवी ते माणसाकडे बघून बोलायचे. "बसू द्या त्यांना. तुम्ही तुमचं काम करा, तायडे मॅडम."

"पण कुठल्या खात्याचे?"

"मॅडम, मला मीटिंग आहे."

मीटिंग नव्हती. टेबलावर चहा निवत होता.

मी परत आले तेव्हा प्रमोद आला होता आणि पाठ ताठ करून ड्रॉइंग बोर्डासमोर बसला होता. दुपारी जेवायला आम्ही मागच्या व्हरांड्यात बसलो, तेव्हा हमीदभाईंनी निकाल दिला.

"लाचलुचपतवाला हाय."

"कशावरून?"

"चा घेत नाई. दोनदा इचारलं. म्हनते, ड्युटीवर घेत नाई. असं कोन बोलते, मॅडम? पोलीसच बोलते."

महिन्यापूर्वीच शेजारच्या तालुक्यात एक अभियंता सापळ्यात सापडला होता. तेव्हापासून सगळ्याच कार्यालयांत माणसं एकमेकांशी जपून बोलायला लागली होती. मी कधी कोणाकडून काही घेतलं नव्हतं. प्रमोदनेही नाही, असं मला ठाम वाटत होतं. पण न घेणाऱ्याला भीती वाटत नाही, हे काही खरं नाही. कोण पाकीट टेबलावर ठेवून पळेल, कोण फाईलमध्ये काय सरकवेल, सांगता येत नाही.

वैद्य काहीच करत नव्हते, त्याचाच जास्त त्रास व्हायचा. पेपर वाचत नव्हते, फोनवर बोलत नव्हते. कोणी अर्जदार आत आला की घड्याळ बघायचे, तो गेला की पुन्हा बघायचे. मधेच एखादा प्रश्न विचारायचे.

"हे गृहस्थ याआधी किती वेळा आले होते?"

"तुमचं कपाट तुमच्याशिवाय कोण उघडतं?"

"तुम्ही नसलात तर सही कोण करतं?"

मी खरं तेच सांगत होते, तरी ऐकताना मलाच ते खोटं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी प्रमोदला म्हटलं, "आपण एकच करू. बोट ठेवायला जागाच ठेवायची नाही. टेबलावर आलेला कागद त्याच दिवशी हातावेगळा."

"आणि स्थळपाहणी? बाहेर पडलो की म्हणतील, गेले बिल्डरकडे."

ते खरं होतं. आमचं निम्म्याहून जास्त काम बाहेरचं. उन्हात टेप धरायचा, पायाची खोली बघायची, शेजाऱ्याची भिंत किती फुटांवर आहे ते मोजायचं. जागेवर मालक असतो, ठेकेदार असतो, ते गाडीपर्यंत सोडायला येतात, उसाच्या रसाचा आग्रह करतात. कोपऱ्यात बसलेल्या माणसाला हे सगळं काय वाटेल?

म्हणून आम्ही पाहणीला सकाळी उजाडताना जाऊ लागलो. प्रमोद मोटारसायकल घेऊन यायचा, मी टेप आणि नकाशे घेऊन मागे बसायचे. मालकांना कळवायचोच नाही. कुत्री अंगावर यायची. एका प्लॉटवर आम्हाला चोर समजून बाई दांडकं घेऊन धावली. मोजणी करून घरी यायचं, डबा करायचा, मुलाला शाळेत सोडायचं आणि कार्यालयाची वेळ व्हायच्या आत खुर्चीत जाऊन बसायचं. उरलेल्या फाईली मी घरी नेत होते. नवरा शेरे वाचून दाखवायचा, मी तपासायचे. तो एकदा म्हणाला, "तुझ्या विभागात खरंच काही झालंय का? मला तरी सांग." मी त्याच्याकडे पाहिलं. तोही मला संशयानेच विचारत होता.

बोंडे साहेबांना हमीदभाईंनीच फोन करून वर्दी दिली. त्यानंतर गुरुवारची वाट न बघता साहेब रोज येऊ लागले. आले की घाम पुसत सह्या करायचे, वैद्यांकडे न बघता नमस्कार करायचे आणि निघून जायचे.

त्याच आठवड्यात काळमेघ सर आले. निवृत्त मुख्याध्यापक, अत्यंत सरळ माणूस. घराच्या परवानगीसाठी ते चार महिने खेपा घालत होते आणि दर वेळी मी त्यांना "माणसं नाहीत हो सर" म्हणून परत पाठवलं होतं. त्या दिवशी मी त्यांना बसवलं, प्रमोदने नकाशा शेवटचा तपासला, बोंडे साहेबांची सही झाली, हमीदभाई रहाटे साहेबांची सही घेऊन आले आणि परवानगी सरांच्या हातात पडली.

सरांनी कागद उलटा केला, सुलटा केला. खिडकीच्या उजेडात धरला.

"झालं?"

"झालं, सर."

"आज? आत्ता?" त्यांनी चष्मा काढला आणि आवाज खाली आणला. पण सरांची हयात वर्गात शिकवण्यात गेलेली. त्यांचा खालचा आवाजही भिंतीपर्यंत जायचा. "तायडे बाई, खरं सांगा. कोणाला काही द्यायचं राहिलंय का?"

वैद्यांनी मान वळवली होती.

"सर!" मी जवळजवळ ओरडलेच. "इथे कोणाला काही द्यावं लागत नाही."

"नाही, मी आपलं विचारलं. इतकं लवकर झालं म्हणून." ते कागदाची घडी करत, मागे वळून बघत बाहेर गेले. वैद्यांनी घड्याळ पाहिलं.

त्याच दुपारी राजूभाऊ गावंडे आले. गावातले मोठे बिल्डर. त्यांच्या मळ्यातली संत्री ते दर हंगामात सगळ्याच कार्यालयांत वाटायचे. हमीदभाईंनी त्यांना पेटीसकट दारातच अडवलं. "न्या भाऊ ते. इथं ठेवू नका."

"अबे हमीद, दरवर्षी खातेस ना?"

हमीदभाईंचा चेहरा पांढरा पडला. "मी कवा खाल्ले? कायले खोटं बोलता?" आणि ती पेटी त्यांनी स्वतःच उचलून राजूभाऊंच्या गाडीत नेऊन ठेवली.

भीती अशी वाढत गेली की आम्ही एकमेकांनाही सोडलं नाही. दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला हमीदभाई माझ्या कानाशी आले. "मॅडम, काल संध्याकाळी तो मानूस पानटपरीवर प्रमोदसंगं बोलत होता. मी पाह्यलं. मले पाहून प्रमोद गप झाला."

प्रमोदने मला काहीच सांगितलं नव्हतं. मी सकाळच्या पाहणीच्या वेळी विचारलं. आम्ही एका अर्धवट जोत्यावर उभे होतो, टेपचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या.

"वैद्यांशी काय बोललास?"

"काही नाही."

"हमीदभाईंनी बघितलं."

त्याने टेप सोडून दिला. "विचारत होते, कंत्राट कधी संपतं. कायमचा माणूस आला तर काय करशील. मी काय सांगणार? मॅडम, तुम्हाला काय वाटलं, मी तुमचं नाव घेतलं?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलं नाही, पण वाटलं." त्याने हाताची धूळ झटकली. मग म्हणाला, "मलाही वाटलं होतं. परवा तुम्ही कपाटाला कुलूप लावून गेलात. आजवर कधी लावत नव्हतात. मला वाटलं, माझ्यावर काहीतरी ढकलताय."

सात वर्षं आम्ही एकाच डब्यातली भाजी खाल्ली होती. मी वाकून टेपचं टोक उचललं आणि त्याच्या हातात दिलं. आम्ही मोजणी पूर्ण केली.

परतताना त्याने मोटारसायकल चालवता चालवता सांगितलं, की काल त्याच्या मुलीचं बारसं झालं. बायको बाळंतपणाला माहेरी, कारंज्याला होती. तो गेला नव्हता.

"अरे, मग सुट्टी घ्यायची ना!"

"आणि वैद्यांनी विचारलं, आरेखक कुठे पळाला, तर?"

"नाव काय ठेवलं?"

"फोनवर नीट ऐकू नाही आलं," तो म्हणाला. "तिकडे बायका गात होत्या."

शुक्रवारी दुपारी वैद्य पहिल्यांदाच स्वतःहून उठले. हमीदभाईंना म्हणाले, "आज चहा चालेल." हमीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. अटक करायच्या आधी चहा पितात का, असा तो चेहरा होता. प्रमोदचा हात बोर्डावरच थांबला.

वैद्यांनी खुर्ची माझ्या टेबलासमोर ओढली.

"मॅडम, आता सांगायला हरकत नाही. मी आकृतिबंधाच्या कामावर होतो."

"म्हणजे?"

"कुठल्या विभागात किती माणसं लागतात, ते ठरवायचं. किती पदं ठेवायची, किती वाढवायची, किती कमी करायची. पूर्वी आम्ही सांगून जायचो. सांगून गेलं की लोक मुद्दाम हळू काम करतात हो. एका सहीला अर्धा दिवस. माणसं कमी आहेत हे दिसावं म्हणून. त्यामुळे या वेळी न सांगता बसायचं ठरलं. रहाटे साहेबांनाही मीच गप्प राहायला सांगितलं होतं. राग मानू नका."

माझ्या डोक्यावरून कोणीतरी पोतं उतरवल्यासारखं झालं. मी हसले. प्रमोदही हसला. हमीदभाई कपबशी घेऊन आले तेव्हा आम्हाला हसताना पाहून दारातच थबकले.

"तुमच्यासारखा विभाग मी आजवर पाहिला नाही," वैद्य म्हणत होते. "दोन माणसं आणि टेबलावर एक कागद शिल्लक नाही. साहेब रोज हजर. अर्जदाराला त्याच दिवशी परवानगी. ते मास्तर तर गोंधळूनच गेले! मी सगळं लिहिलंय. यांच्याबद्दलही लिहिलंय." त्यांनी प्रमोदकडे बोट दाखवलं. प्रमोद उभा राहिला.

"मग सर, आमची पदं भरतील ना आता?" मी विचारलं.

वैद्यांनी कप खाली ठेवला. त्यांना माझा प्रश्न कळलाच नाही असं वाटलं.

"भरायची कशाला? पदं रिकामी असून काम इतकं उत्तम चाललंय. ती कमी करावीत असं मी सुचवलंय. यात तुमचा गौरवच आहे, मॅडम."

प्रमोद परत खाली बसला.

मग मी बोलायला लागले. एका दमात सगळं सांगितलं. हे काम आमचं रोजचं नाही. फाईली घरी जातात. पाहणी उजाडताना होते. साहेब गुरुवारीच येतात, तुमच्यामुळे रोज आले. हा माणूस स्वतःच्या मुलीच्या बारशाला गेला नाही. काळमेघ सर चार महिने फिरत होते. आम्हाला तुम्ही लाचलुचपतवाले वाटलात.

वैद्य हसले. अगदी मनापासून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "काही लपवायचं होतं का?"

"नाही."

"मग घाबरलात कशाला?"

मी समोरचा कप बाजूला सरकवला.

"सकाळी पाहणीला जाता, त्याची नोंद कुठे आहे?"

"कार्यालयाच्या वेळेआधी जातो. नोंद केली नाही."

"कोणी पाहिलं?"

"मालकांना कळवतच नव्हतो. तुम्ही बघाल म्हणून..."

"मॅडम," ते शांतपणे म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट थोडी कीवच होती. "मी पहिल्या दिवशी सांगून बसलो असतो, तर तुम्ही मला हेच सांगितलं असतं ना? काम जास्त, माणसं कमी, घरी फाईली नेतो. सगळेच सांगतात. आता पदं जाणार म्हटल्यावर तुम्ही हे सांगताय. माझ्या जागी तुम्ही असतात तर विश्वास ठेवला असता का?"

गेले दोन आठवडे मी याच माणसाकडे ज्या नजरेने बघत होते, त्याच नजरेने तो आता माझ्याकडे बघत होता. त्याचं काही चुकत होतं असंही मला म्हणता येईना.

"मी जे पाहिलं ते लिहिलंय," ते म्हणाले. सगळ्यांना नमस्कार करून, खुर्ची परत जागेवर ठेवून ते गेले.

मी रहाटे साहेबांकडे जाऊन बसले. त्यांनी या वेळी माझ्याकडे नीट बघितलं.

"मी तुम्हाला म्हणालो होतो, तुमचं काम करा. इतकं करा असं नव्हतो म्हणालो." त्यांनी वर पत्र लिहिलं, मी लिहिलं, बोंडे साहेबांनीही लिहिलं. उत्तर आलं नाही. आमची पत्रं तिकडे पदं वाचवायची धडपड समजली गेली असतील, हे मला कोणी सांगायला नको होतं.

आदेश यायला पावसाळा उलटला. चार पदं निरसित, म्हणजे कायमची रद्द. त्यात आरेखकाचं पद होतं. ज्या जागेवर प्रमोदचं कंत्राट होतं ती जागाच राहिली नाही, त्यामुळे पुढचा आदेश निघण्याचा प्रश्न नव्हता. पुढे चार वर्षं तो विभाग मी जवळजवळ एकटीने ओढला, आणि काळमेघ सरांनंतर एकाही माणसाला त्याच दिवशी परवानगी मिळाली नाही. पण ते नंतरचं.

प्रमोदच्या शेवटच्या दिवशी मी त्याला आदेश वाचायला दिला. सोबत वैद्यांच्या अहवालाची पानं जोडलेली होती. मला वाटलं होतं तो शिव्या देईल, निदान रडेल तरी. तो उभ्या उभ्याच वाचत होता. एका पानावर थांबला.

"मॅडम, हे बघा."

मी बघितलं होतं. 'आरेखक (कंत्राटी) हे अत्यंत कार्यक्षम असून त्यांचे नकाशावाचन असाधारण आहे.'

"यात नाव नाही," तो म्हणाला.

"पद लिहितात, नाव लिहीत नाहीत."

"पण आरेखक तर मी एकटाच होतो ना? म्हणजे मीच." त्याने ते वाक्य पुन्हा वाचलं, ओठ हलवत. "सात वर्षांत सरकारी कागदावर माझ्याबद्दल कोणी काही लिहिलं नव्हतं. अमरावतीला एक आर्किटेक्ट आहेत, माणूस शोधताहेत. मॅडम, या एका पानाची झेरॉक्स मिळेल का?"

"याच पानाची?" मी विचारलं. त्याच पानाच्या खालच्या अर्ध्या भागात त्याचं पद काढून टाकण्याची शिफारस होती.

"याचीच. खालचा भाग दुमडून काढा."

हमीदभाई झेरॉक्स काढून आले. मी तिच्यावर 'सत्यप्रत' असं लिहिलं, सही केली, शिक्का मारला. शिक्क्याची शाई ओली होती. ती वाळेपर्यंत प्रमोद कागद दोन्ही हातांनी आडवा धरून टेबलाशी उभा राहिला.